पाणवठ्यावर वाच, एमिलाँ

पॅरिस, १४ नोव्हेंबर १८८०

एमिलाँभाऊ,

हे पत्र माझ्या बहिणीच्या नावाचं आहे. तिला वाचता येत नाही. गावातल्या निम्म्या लोकांची पत्रं तूच टपालाच्या पिशवीतून काढतोस आणि तूच वाचून दाखवतोस, तेव्हा हेही तुझ्याच तोंडून जाणार. फक्त एवढं कर, तिच्या घरात बसून वाचू नकोस. सोमवारी बायका धुणी घेऊन पाणवठ्यावर जमल्या की तिथे वाच, आणि मोठ्यानं वाच.

लाझारेत, तुझ्या छातीवर व्रण उठला तो कुठून आला हे सगळ्यांना कळू दे. चार आठवड्यांचं लेकरू मी तुझ्या ओटीत घातलं आणि परक्या पोराला पाजून अंगावरचं दूध विकायला पॅरिसला आले, आपल्याकडच्या बायका येतात तशी. तू माझ्या लेकराला एका बाजूला घेतलंस आणि माझ्या नवऱ्याला दुसऱ्या. इथे आलेल्या आपल्या गावच्या क्लोदीननं मला सगळं सांगितलं. आंदोश म्हणे रोज संध्याकाळी पोराला बघायला तुझ्याकडे यायचा. पोराला बघायला! गरमीचा रोग काही आभाळातून पडत नाही. बाईला ती पुरुषाकडून मिळते. माझ्या अंगावर एक पुटकुळी नाही, म्हणजे ही घाण माझ्या घरातली नव्हे. तुझ्या अंगातून ती तुझ्या दुधात उतरली आणि माझा फिर्मां जुलैत मातीत गेला.

मला बहीण नाही.

फिलिबेर्त


पॅरिस, १२ मार्च १८८२

लाझारेत,

सोळा महिन्यांनी लिहिते आहे. मला माया आली असं समजू नकोस. क्लोदीन परत इकडे आली आहे, नव्या घरी दाई म्हणून. परवा बाजारात भेटली आणि म्हणाली, "तुझी बहीण पोटुशी आहे हो पुन्हा, चौथा महिना. नवऱ्यानं, ब्लेझनं, शेळ्यांच्या गोठ्यात काढलंय तिला. ब्लेझ भाकर दाराशी ठेवतो नि मागं फिरतो. पाणवठ्यावर तर तिच्या शेजारचा दगडसुद्धा कुणी घेत नाही." मी म्हटलं, "बरं झालं." तिच्यासमोर असंच म्हटलं. मग परत येताना वाट चुकले, रोजची वाट.

खरं सांगायचं तर गोठ्याचं ऐकून मला एवढं वाटलं नाही. पोटुशी आहेस हे ऐकून वाटलं. तुझं आपलं बरं आहे, पेरलं की उगवतं. रोग लागलेली बाई, नवरा हात लावत नाही म्हणतात, आणि तरी पोट आहेच. माझी पहिली दोन मेलेलीच बाहेर आली. तिसरा जगला तो पाच महिने. तुझी रेन मात्र गालांवर लाली घेऊन जन्मली आणि सुईणीनं ती उचलून सगळ्या आळीला दाखवली. मी तेव्हा दारामागे उभी होते. आणि तेही मी विसरलेले नाही की आंदोश आधी तुलाच मागायला आला होता. थोरलीच्या आधी धाकटी देत नाही असं बाबा म्हणाले, म्हणून तो माझ्या वाट्याला आला. नऊ वर्षं मी दुसरीसाठी वाढलेलं ताट जेवले. तुला वाटेल हे जुनं झालं. माझ्यासाठी झालेलं नाही.

माझं दूध विकणं जानेवारीत संपलं. मालकांचा मुलगा पावणेदोन वर्षांचा झाला, त्याला अंगावरून तोडलं. आता मी टाकलेल्या बाळांच्या इस्पितळात कामाला आहे, आणि काम काय म्हणशील तर गाढविणींच्या गोठ्यात. हस खुशाल. बागेच्या टोकाला गोठा आहे आणि त्याला लागून बाळांची खोली. ही सगळी बाळं पोटातूनच गरमी घेऊन आलेली. चेहरे म्हाताऱ्यांसारखे, तळहाता-तळपायांची साल निघालेली, नाक असं चोंदलेलं की दूध ओढताना श्वास घेता येत नाही. ओढतात, सोडतात, रडतात, पुन्हा ओढतात. बाटलीवर ठेवलं तर काही आठवड्यांत जातात. दाईच्या छातीला लावलं तर दाईला रोग लागतो. म्हणून इथल्या डॉक्टर लमेरनी गाढविणी आणवल्या. मी बुटक्या स्टुलावर बसते, डाव्या हातावर बाळाचं डोकं घेते आणि उजव्या हातानं सड त्याच्या तोंडात देते. दिवसातून पाच वेळा. सगळ्यात शहाणी गाढवीण आहे तिचं नाव मार्कीझ, म्हणजे सरदारीण. सरदारीणबाई गवत खातात आणि उकिरड्यावरची पोरं पाजतात, हे बघायला पॅरिसला यावं लागलं.

दाईला रोग लागतो, हे वाचून एमिलाँ थांबेल आणि तू मान वर करशील, मला माहीत आहे. एवढ्यानं तू सुटत नाहीस. बाळ दाईला देतं खरं, पण स्वतः ते आईकडून आणतं. फिर्मांची आई मी आहे, आणि माझ्या अंगावर आजही डाग नाही. मग त्याला आणखी कोणाकडून आला असेल? मी निघाले तेव्हा त्याचं नाक जरा चोंदलं होतं, पण मार्चच्या थंडीत कोणाचं चोंदत नाही?

उत्तर पाठवू नकोस. पाठवायचंच असेल तर पत्ता एमिलाँजवळ आहे.

फिलिबेर्त


पॅरिस, २० एप्रिल १८८२

लाझारेत,

उत्तर आलं. अक्षर एमिलाँचं, पण बोलणं तुझंच. "ताई, मी काही केलं नाही. भाऊजी यायचे, दारात उभे राहायचे, पोराकडे बघायचे आणि आत न येता जायचे. मला व्रण उठल्यावर सासूबाई म्हणाल्या, आता बाटलीनं पाज. तो बाटली घेईना. मग दुसऱ्या बाजूला लावत राहिले. दुखायचं, पण घेत होता ना. शेवटच्या दिवशीसुद्धा दोन घोट घेतले."

एवढंच. शिवी नाही, शाप नाही. तुला आधीपासून हेच जमतं, गरीब गाईसारखं उभं राहायचं आणि सगळ्यांनी तुझी बाजू घ्यायची. ही वाक्यं मी पाठ केली आहेत आणि त्यातलं एक मला खातं आहे, तो बाटली घेईना. म्हणजे त्याला तूच हवी होतीस. मी चार आठवडे पाजलं, तू चार महिने. शेवटचे दोन घोट तुझे. माझ्या पोराचं सगळं तुझ्याकडे राहिलं आणि माझ्याकडे फक्त त्याचं चोंदलेलं नाक.

इथे एक पोरगी आहे, ओदील. फेब्रुवारीत कोणीतरी दारात ठेवून गेलं. वजन इतकं कमी की उचलताना दचकायला होतं. ती रडली की अजूनही माझं पोलकं भिजतं. मालकांच्या पोराला तोडून तीन महिने झाले तरी दूध आटत नाही, आणि ते मला तिला द्यायची बंदी. देणार कोण, तर मार्कीझ. मी डोकं धरून बसायचं, मान मोडून येईपर्यंत, आणि पोरगी काय करते माहीत आहे? इवल्याशा मुठीत गाढविणीच्या पोटावरची लव धरते. धरून ठेवते! दूध संपलं तरी सोडत नाही. मार्कीझचं स्वतःचं शिंगरू पलीकडे बांधलेलं असतं, ते ओरडतं, तरी ही ढिम्म उभी. एकदा मी तिला चिमटा काढला, चांगला करकचून. तिनं एक कान हलवला, बस्स. तुझ्यावर जळून झालं, आता जनावरावर जळायची पाळी आली माझ्यावर.

एमिलाँभाऊ, पुढचं फक्त तिच्या एकटीच्या कानात वाच.

अठ्ठावीस मार्चला दुपारी गोठ्यात कोणी नव्हतं. मी पोलक्याची गुंडी काढली आणि ओदीलला पाजलं. आधी तिला कळेना, मग कळलं. मार्कीझ आमच्याकडे बघत होती आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. तेव्हापासून रोज एकदा तरी पाजते.

रोज उठल्यावर आरशात छाती बघते. व्रण उठायला तीन-चार आठवडे लागतात असं इथे म्हणतात. उठला तर तुला कसा उठला ते मला कळेल, आणि तेवढं मी मान्य करीन. आज चोविसावा दिवस. काही नाही. कातडी नितळ आहे, लग्नाआधी होती तशी. मला याचा आनंद होत नाही. का होत नाही, ते आज विचारू नकोस.

फिलिबेर्त


पॅरिस, ९ मे १८८२

लाझारेत,

डॉक्टरांना कळलं. मला कामावरून काढलेलं नाही. मला तपासलं आणि छातीला काहीही झालेलं नाही.

तू इकडे ये. पोटुश्या बाईला इथे पाऱ्याचं औषध देतात, आईला दिलं की पोटातल्या बाळाला पोहोचतं. तीन महिने उरले आहेत, अजून उशीर झालेला नाही. तिकीट सोबत आहे. ब्लेझलाही आण, त्यालाही तपासायला हवं.

का आणि कशासाठी ते समोर बसून बोलू. पत्रात लिहिण्यासारखं नाही.

फिलिबेर्त


पॅरिस, ३० मे १८८२

एमिलाँभाऊ,

माझ्या बहिणीनं तुझ्याकडून लिहून घेतलेलं पत्र तुझ्या लक्षात असेल. तरी इथे पुन्हा उतरवते, कारण हे पत्र सगळ्यांनी ऐकायचं आहे. ती म्हणते, "ताई, तिकीट परत पाठवते. आत्ता गाव सोडलं तर म्हणतील, पाप लपवायला गेली. माझ्या रेनला उद्या याच गावात तोंड दाखवायचं आहे. तू जे पाणवठ्यावर वाचायला लावलंस ते पाणवठ्यावरच परत घे. नाहीतर मी इथेच गोठ्यात बाळंत होईन. पोर जगलं तर जगलं."

माझी धाकटी बहीण जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली, आणि तिचं बरोबर आहे. तेव्हा सोमवारची वाट बघ, बायका जमू देत, आणि वाच.

बायांनो, मी फिलिबेर्त, आंदोश गाडीवानाची बायको. दीड वर्षापूर्वी याच जागी माझं एक पत्र वाचलं गेलं. त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. माझ्या बहिणीनं माझ्या नवऱ्याला जवळ केलं नाही. तिनं फक्त माझं मूल पाजलं, आणि ते मूल रोगी होतं.

मला हे कसं कळलं तेही सांगते, म्हणजे कोणी म्हणायला नको की बहिणीची कड घेते. इथे एक रोगी पोरगी आहे, ओदील. तिला माणसाचं दूध द्यायची मनाई आहे, गाढविणीचं द्यायचं. मी चोरून पाच आठवडे स्वतः पाजलं. मग ती गाढविणीच्या सडाला तोंड लावेना, सारखी माझ्या पोलक्यात नाक खुपसायची. डॉक्टर आले, म्हणाले, "ही मार्कीझवर रुसली का काय?" आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या छातीवर ओला डाग होता.

"किती दिवस?"

"पाच आठवडे."

"अगं मूर्ख बाई! काढ पोलकं."

भिंग लावून तपासलं. काही नव्हतं. मला वाटलं आता सुटका झाली म्हणतील. ते माझ्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "निरोगी बाई असतीस तर एव्हाना व्रण उठला असता. हमखास. मुलं किती झाली तुला?"

"एक."

"त्याआधी?"

"दोन. मेलेली."

"आणि त्या एकाचं नाक चोंदायचं?"

"हो."

"कधीपासून?"

मी पॅरिसला यायला निघाले त्याच्या आठवडाभर आधीपासून, असं मी सांगितलं. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. थंडी आहे, सर्दी आहे, असंच म्हणत आले. खरं तर चौथ्या आठवड्यात त्याच्या तळपायांची सालही निघत होती. मी त्याला मोजे घातले, गाठ घट्ट मारली, आणि तसंच लाझारेतच्या हातात दिलं. पॅरिसचं बोलावणं हातचं जाईल या भीतीनं दिलं. तिनं मोजे काढले असतील, तेव्हा मी गाडीत होते.

डॉक्टर म्हणाले, "ज्या घरात पाहुणा आधीच उतरलाय, त्या घराचं दार तो पुन्हा ठोठावत नाही. ही पोरगी तुला रोग देऊ शकत नाही, कारण तो तुला आहेच. तुला दिसला नाही एवढंच. आईला कित्येकदा दिसत नाही, ती आपल्या पोराला बिनधास्त पाजते. दिसतो तो परक्या दाईला." मालकांच्या मुलाची चौकशी त्यांनी करवली. तो ठणठणीत आहे. माझ्या छातीला कधी व्रण नव्हता म्हणून वाचला, असं म्हणाले.

तर ऐका. रोग आंदोशनं बाहेरून आणला, फिर्मांच्या आधीच्या वर्षांत बैलगाड्या घेऊन मेपासून नोव्हेंबरपर्यंत परमुलखात असायचा तेव्हा. त्याच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून फिर्मांकडे, फिर्मांकडून लाझारेतकडे. हा सगळा रस्ता आहे, आणि तो माझ्या घरापासून सुरू होतो. आंदोश रोज संध्याकाळी तिच्या दारात उभा राहायचा कारण पोराला काय झालंय ते त्याला माहीत होतं. मी तिच्यावर आळ घेतला तेव्हा तो गप्प बसला. दुसऱ्याचं पाहायचं वाकून म्हणतात, तशी मी वाकून वाकून बहिणीच्या घरात बघत राहिले आणि माझं स्वतःचं मोज्यात झाकून ठेवलं होतं.

लाझारेत, आता तुला. हेही सगळ्यांनी ऐकलं तरी चालेल.

मी अजून तुझ्यावर जळते. खोटं कशाला बोलू? औषध घेतलंस तर तुझं बाळ चांगलं जन्मेल, आणि माझ्या तिघांसाठी हे औषध कोणी मला सांगितलं नाही. फिर्मांला शेवटी तुझी मांडी मिळाली, त्याचाही हेवा वाटतो. व्रणाच्या छातीशी त्याला धरून बसलीस, ओठ चावत बसली असशील. मी असते तर तेवढं केलं असतं का, माहीत नाही. हे माहीत नसणंच मला सगळ्यात जास्त लागतं.

डॉक्टरांनी मला ओदीलला पाजायची परवानगी दिली आहे. तिच्याकडून मला भीती नाही, माझ्याकडून तिला नाही. आता दिवसातून सहा वेळा ती माझ्याकडे असते आणि मार्कीझकडे दुसरी बाळं. मला हवं ते मिळालं, आणि कशापायी मिळालं ते तू ऐकलंसच. ओदील आता माझ्या पोलक्याची कड मुठीत धरते.

तुझं बाळ जन्मलं की तूच पाज, दुसऱ्या कोणत्याही बाईच्या छातीला लावू देऊ नकोस. सासूबाईंनी कितीही म्हटलं तरी नाही. आणि त्याआधी इकडे ये. तिकीट पुन्हा पाठवते आहे. ब्लेझनं तुला स्टेशनवर सोडायला यावं, दिवसाढवळ्या, गावच्या रस्त्यानं, तुझं बोचकं स्वतःच्या खांद्यावर घेऊन. ब्लेझ, तू तिथे नसशील तर तुझी आई असेल, ती सांगेल तुला. इकडच्या स्टेशनवर मी उभी असेन. चरबीतली धिरडी करून आणीन, तुला लहानपणी माझ्या ताटातली आवडायची तशी, आणि या वेळी ताट ओढून घेणार नाही.

एमिलाँभाऊ, मागचं पत्र तू एकदाच वाचलंस आणि तेवढ्यानं गावाचं दीड वर्ष भागलं. हे एकदा वाचून भागणार नाही. कोणीतरी धोपटणं आपटत राहिली असेल, कोणीतरी मुद्दाम पिळे घेऊन उठून गेली असेल. त्यांना परत बोलाव. लाझारेतला पुढच्या दगडावर बसव, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाच.

तुझी ताई,
फिलिबेर्त, फिर्मांची आई